गोळे गिळणारी भिंत

आमच्या गढीचा शेवटचा बुरूज पाडायचा ठराव ग्रामसभेत आला, त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा सरळ खरं बोललो. आणि नेमकं त्याच दिवशी गावातल्या एकाही माणसाने माझ्यावर विश्वास ठेवला नाही.

यात गावाचा काही दोष नाही. पन्नास वर्षं मी या लोकांना काय काय सांगितलेलं आहे! दीपनगरला वीजकेंद्राच्या चिमणीच्या कामावर होतो तेव्हा एवढ्या उंचीवर विटा रचायचो, की ढग बाजूला सारायला एक माणूस वेगळा रोजावर ठेवला होता, हे मी सांगितलं. बोदवडला मी बांधलेल्या कुंपणाला मालगाडीचं इंजिन धडकलं आणि रेल्वेवाल्यांनी इंजिन भंगारात काढलं, हेही मीच सांगितलं. आमच्याकडचं वैशाखातलं ऊन एवढं कडक, की ओळंब्याची सावलीसुद्धा वाकडी पडते आणि म्हणून मी ओळंबा न लावता नुसत्या डोळ्याने भिंत सरळ बांधतो, हे तर लहान पोरांना तोंडपाठ आहे. लोक ऐकायचे, हसायचे, चहा पाजायचे. थापेला चहा मिळतो आणि खऱ्याला कुणी बसायलाही सांगत नाही, हे मला फार लवकर कळलं होतं. म्हणून मी आपला त्याच धंद्यात राहिलो.

खरा धंदा गवंड्याचा. पारोळ्याहून धुळ्याकडे निघालं की उजव्या हाताला एक फाटा फुटतो, तिथे आत आमचं गाव. गावाच्या मधोमध पांढऱ्या मातीची टेकडी, आणि टेकडीवर एके काळी गढी. चारही कोपऱ्यांना चार बुरूज, मधे मातीचाच तट. तट एवढा रुंद, की वरून दोन बैलगाड्या शर्यत लावत पळायच्या आणि तिसरी मधून उलटी यायची. पेंढाऱ्यांची धाड येते आहे असं कळलं की सगळा गाव गुराढोरांसकट आत जाऊन बसे, दरवाजा लावून घेई, आणि पेंढारी बाहेर शिव्या देऊन देऊन घसा बसला की परत जात. ही गोष्ट माझ्या आजोबांनी मला सांगितली. ते माझ्यापेक्षा कमी थापा मारायचे, म्हणजे जवळजवळ खरंच बोलायचे.

आता तिथे एकच बुरूज उरला आहे. बाकीचे तीन कुठे गेले? शत्रूने पाडले नाहीत. ते आमच्या छतांवर गेले.

खानदेशातलं धाब्याचं घर ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. जाड मातीच्या भिंती, वर लाकडाच्या कड्या, कड्यांवर काटक्या आणि पाला, आणि त्यावर वीतभर पांढरी खारी माती. झालं सपाट छत. ही माती मोठी विलक्षण असते. कोरडी असली की भुसभुशीत, पण पावसाचं पाणी पडलं की अशी दबून बसते की थेंब आत जाऊ देत नाही. खारेपणामुळे तिच्यावर गवत उगवत नाही. खाली माणूस उन्हाळ्यात गारव्यात झोपतो. मात्र दर वर्षी, पावसाळ्याच्या आधी, तिच्यावर नवा थर द्यावा लागतो. आणि सगळ्यात उत्तम माती कुठली? गढीची. मग टोपली घेऊन जायचं, बुरुजाच्या पोटाला फावडं लावायचं आणि गाढवांवर लादून आणायची. आमच्या घरात, तुमच्या घरात, पाटलांच्या, मास्तरांच्या, सगळ्यांच्या डोक्यावर गढीच होती.

आता ही माती पारखायची कशी? शहरातला इंजिनिअर डबीत भरून प्रयोगशाळेत पाठवील आणि महिन्याने कागद येईल. गवंडी काय करतो? चिमूटभर उचलतो आणि जिभेवर ठेवतो. जीभ चुरचुरली पाहिजे, पण पोळली नाही पाहिजे. चुरचुरली नाही तर ती माती गळणार. पोळली तर ती लाकूड खाणार. बरोबर मधली माती ओळखायला जीभ लागते, आणि माझ्यासारखी जीभ तापीच्या दोन्ही काठांवर दुसरी नव्हती. लोक मला धुळ्याहून गाडी पाठवून न्यायचे, फक्त चाखायला. पंचक्रोशीतलं प्रत्येक छत मी चाखलेलं आहे. कुणाच्या घरी कोण आजारी, कुणाची सून माहेरी, हे मला ठाऊक नसेल, पण कुणाचं छत किती खारट ते मी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन.

तर असा मी, गेल्या वर्षी अमेरिकेत गेलो.

लेक आणि जावई तिकडे फ्लोरिडात असतात. दोघंही कॉम्प्युटरवर काय करतात ते मला समजावून सांगता सांगता त्यांनी दोनदा नोकरी बदलली. त्यांच्या आग्रहाने मी आणि लेकीची आई निघालो. लेकीच्या आईला गावात सगळे अक्का म्हणतात. माझ्या अगदी उलट बाई. दिवसाला पंधरा शब्द, आणि ते पंधराही मोजून मापून खरे. विमान सुटलं तेव्हा मी शेजारच्या माणसाला सांगायला सुरुवात केली की हे विमान मी बांधलेल्या धावपट्टीवरून उडतंय. ती म्हणाली, "झोपा." संपलं.

एका रविवारी जावई म्हणाले, "नाना, तुम्हाला किल्ला दाखवतो. स्पॅनिश लोकांनी बांधलेला. समुद्राच्या काठी आहे." मी मनात हसलो. ज्याने पारोळ्याचा भुईकोट पाहिला, त्याचा खंदक पाहिला, त्याला हे काय किल्ला दाखवणार! सेंट ऑगस्टीन म्हणून गाव. गाडीतून उतरलो तर समोर खाडी, खाडीकाठी हिरवळ, आणि हिरवळीच्या पलीकडे एक करडा, ठेंगणा, पसरट चौकोन. ना उंच दरवाजा, ना कमानी, ना हत्ती. मी म्हणालो, "हे काय? गोदाम आहे का?"

"जवळ तर चला, नाना," लेक म्हणाली.

जवळ गेलो आणि माझं तोंड बंद झालं. तेव्हाच पहिल्यांदा मला कळलं की माझं तोंड बंद होऊ शकतं.

पूर्ण भिंत शिंपल्यांची. चुन्यात शिंपले बसवलेत असं नव्हे, दगडच शिंपल्यांचा. बोटाच्या नखाएवढे, तांदळाएवढे, कोट्यवधी शिंपले एकमेकांना चिकटून दगड झालेले. लेक पाटीवरचं वाचून सांगत होती. समोरच्या बेटावर ही शिंपल्यांची खाण होती. समुद्राने हजारो वर्षं दाबून दाबून तो दगड तयार केलेला. खाणीतून काढला तेव्हा ओला आणि मऊ, कुऱ्हाडीने तोडावा असा. मग तो होड्यांतून खाडीपार आणायचा आणि उन्हावाऱ्यात वाळत ठेवायचा. वाळला की कडक होतो, तेव्हा रचायचा. चुनासुद्धा शिंपले भाजूनच केलेला.

त्याच्या आधी त्या लोकांनी तिथे लाकडाचे किल्ले बांधले होते. एक कुजला, एक जळला, एक वादळाने नेला, एक चाच्यांनी. एकामागून एक नऊ, असं लेक म्हणाली. मी नव्वद ऐकलं, पण ते सोडा. शेवटी ते कंटाळले आणि म्हणाले, आता जे जवळ आहे त्याचंच बांधू. हेच तर मी जन्मभर सांगत आलो आहे. लांबचा दगड दिसायला देखणा, पण जवळची माती आपल्याला ओळखते.

आणि त्या किल्ल्याची रचना! चौकोनाच्या चारही कोपऱ्यांना बाणाच्या टोकासारखे चार बुरूज बाहेर काढलेले. आमचे बुरूज गोल असतात, म्हणून गोल बुरुजाच्या पोटाशी येऊन शत्रू चिकटला तर वरून दिसत नाही. इथे मात्र एका बुरुजावरून दुसऱ्या बुरुजाची सगळी बाजू दिसते, आणि दुसऱ्यावरून पहिल्याची. लपायला बोटभर जागा नाही. दरवाजासमोर आणखी एक त्रिकोणी आडोसा, म्हणजे सरळ आत घुसता येऊ नये. त्याच्या पुढे उचलायचा पूल. भोवती खंदक, पण कोरडा. मी म्हटलं, पाणी कुठे गेलं? तर लेक म्हणाली, वेढा पडला की यात गुरं ठेवायचे. मी टाळी वाजवली. गुरं! म्हणजे हेही आमच्याचसारखे शेतकरी! खंदकाच्या बाहेर मातीचा उतार असा केलेला, की लांबून येणारा तोफेचा गोळा भिंतीच्या पायाला लागूच नये. एका कोपऱ्यावर पहारेकऱ्याची लहानशी गोल खोली, तिच्यातून समुद्रात माशाने कूस बदलली तरी दिसेल.

पण खरी गंमत पुढेच. उत्तरेकडून इंग्रज आले. सगळं गाव, बाया, म्हातारे, लेकरं, आत जाऊन बसलं. आमच्या पेंढाऱ्यांच्या वेळचंच. इंग्रजांनी तोफा लावल्या. गोळा सुटायचा, भिंतीला लागायचा, आणि भिंत फुटायचीच नाही. गोळा आत रुतून बसायचा. शिंपल्यांची भिंत मऊ, तिच्यात हवा भरलेली, ती गोळ्याशी भांडत नाही. त्याला पोटात घेते. कडक दगड असता तर तडा गेला असता, कपचे उडाले असते, दुसऱ्या गोळ्याला वाट मिळाली असती. इथे गोळा गेला तो गेला. दोन महिने असंच चाललं. शेवटी इंग्रजांनी बाहेरचं गाव जाळलं आणि परत गेले. चाळीसेक वर्षांनी पुन्हा आले, खाडीपलीकडच्या बेटावर तोफा मांडून आठवडेच्या आठवडे मारा केला. पुन्हा तेच. पुढे तहात, कागदावर, तो किल्ला कधी याच्याकडे गेला, कधी त्याच्याकडे. झेंडा कितीदा बदलला. पण लढून तो कुणी घेतलेला नाही.

मी भिंतीजवळ गेलो. बारकाईने पाहिलं, पारख केली. तेवढ्यात गणवेशातली एक पहारेकरीण धावत आली. डोक्यावर टोपी, कमरेला पट्टा, उंची माझ्या दीडपट. तिने माझ्याकडे पाहिलं आणि खाडकन सलाम ठोकला. म्हणाली, "इंडियातून आलेले मोठे इंजिनिअर आपणच का?" मी नम्रपणे हो म्हटलं. मग तिने आम्हाला आतल्या बाजूने नेलं आणि गोळा रुतलेली खरी जागा दाखवली. सामान्य लोकांना दाखवत नाहीत.

हे मी गावात आल्यावर सांगितलं, अगदी असंच.

आलो तर गावात हा ठराव. गावाला एक हॉल हवा होता, लग्नांसाठी. पैसे मंजूर झालेले, जागा शोधायची होती, आणि बुरुजाची जागा गावाच्या मधोमध. बुरूज तसाही एका बाजूने पोट सुटल्यासारखा ढासळलेला. खाली मुलं खेळतात, कधीतरी अंगावर येईल. यंत्राने एका दुपारीत सपाट करता येईल. ठरावात लिहिलं होतं, "सदर जागेवर मातीचा धोकादायक ढिगारा आहे." ढिगारा!

सरपंच ताई धुळ्याच्या. शिकलेल्या, लग्न होऊन आमच्या गावात आल्या आणि दहा वर्षांत गावातल्या सगळ्या नळांना पाणी आणलं. असा माणूस विरोधात असला की वाईट वाटतं. मारुतीच्या पारापुढे सतरंज्या घातलेल्या, एकीकडे माणसं, एकीकडे बाया. ग्रामसेवक भाऊसाहेब वही उघडून बसलेले. ठराव वाचून झाला आणि मी उठलो.

मी सांगितलं. शिंपल्यांचा किल्ला सांगितला, चार बुरूज सांगितले, खंदकातली गुरं सांगितली. गोळा गिळणारी भिंत सांगितली. म्हणालो, "जगातले लोक तिकीट काढून तो किल्ला पाहायला येतात, कारण तो मऊ आहे. आणि आपला बुरूज कशाचा आहे? पांढऱ्या मातीचा. पेंढा, शेण, चुना घालून मळलेल्या, थरावर थर दाबलेल्या मातीचा. तोही मऊ. त्यालाही तोफेचा गोळा लागला असता तर त्याने गिळला असता. त्या लोकांकडे शिंपले होते, आपल्याकडे माती. कारागिरी एकच. तुम्ही दगडाचा नाही म्हणून त्याला ढिगारा म्हणता. दगडाचा असता तर हात जोडले असते."

मग पारावरून एक म्हातारा ओरडला, "नाना, आते बस करा! शिंपलासना किल्ला! आनि गोळा गिळस!"

सगळा पार हसायला लागला.

"खरं सांगस मी," मी म्हणालो.

"तुम्हनं खरं बी आम्हले खोटंच वाटस, नाना!"

"आनि ती बाईनी सलाम ठोका म्हने!" दुसरा. "नानाले! सलाम!"

शेठ पुढच्या रांगेत बसले होते. सिमेंट-लोखंडाचं त्यांचं दुकान. आजोबा राजस्थानातून आले, पण शेठ आमच्यापेक्षा शुद्ध अहिराणी बोलतात. ते म्हणाले, "नाना, राग मानू नका. गोळा कोन मारी ऱ्हायना आते? हॉलना स्लॅब करू, दोन पिढ्या हालाव नही."

"शेठ, तुमचा स्लॅब उन्हाळ्यात भाकरी भाजतो," मी म्हणालो. "त्याच्याखाली बसून नवरा-नवरी सात फेरे घेणार नाहीत, पाच घेऊन पळतील." हसले सगळे. पण हसूनच. हसणारा माणूस हात वर करत नाही, हे मला मधेच कळलं. जन्मभर मी या लोकांना हसवलं होतं. आता तेच माझ्या आड आलं.

तेवढ्यात सरपंच ताई बोलल्या. आवाज शांत. "नाना, एक विचारू? बुरुजाला पोट पडलंय, ते कुणी पाडलं?"

मी पायाखालची सतरंजी सरळ केली.

"सगळ्यात जास्त टोपल्या तुम्हीच नेल्यात ना?"

"नेल्या," मी म्हणालो. "छतं करायची होती. माझं एकट्याचं नाही, तुमच्या सासऱ्यांचंसुद्धा."

"मग आज ढासळलेल्या भागाखाली मूल दबलं तर जबाबदार कोण?" 

एरवी थाप लगेच सुचली असती. त्या दिवशी सुचली नाही. मी म्हटलं, "तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, ताई. पोट मीच पाडलंय." आणि खाली बसलो. भाऊसाहेबांनी पेन उचललं. "तर मग मतदान घेऊ या," ते म्हणाले.

माझ्यासमोर बुरूज दिसत होता, मारुतीच्या देवळाच्या मागे. त्याच्यावर दुपारचं ऊन होतं आणि शेजारी एक म्हातारं कडुलिंबाचं झाड. इंग्रजांच्या तोफा परवडल्या. वेढा घालणाऱ्याला माहीत तरी असतं की समोर किल्ला आहे.

मग बायांच्या बाजूने एकीने विचारलं, कोण ते मी पाहिलं नाही. "आहो, नानाले सोडा. अक्का तठेच व्हती ना? अक्काले इचारा."

सगळ्या माना तिकडे वळल्या. लेकीची आई मागे खांबाला टेकून बसली होती. ती कधी ग्रामसभेत बोललेली नाही. सरपंच ताईंनी विचारलं, "अक्का, शिंपल्यांचा किल्ला खरंच आहे का?"

"शे," ती म्हणाली. शे, म्हणजे आहे.

"आणि गोळा आत रुतलेला?"

"खड्डा मी दखा. ती बाईनी दखाडा. मना हात मनगटपावत गया असता, एवढा."

"म्हणजे नानांना खरंच सलाम केला का तिने?"

ती माझ्याकडे पाहायला लागली. मी तिला डोळ्यांनी सांगितलं, असू दे, नको. पन्नास वर्षांच्या संसारात तिने माझं डोळ्यांचं बोलणं कधी ऐकलेलं नाही.

"सलाम कसाना," ती म्हणाली. "यासनी ती भिंत चाटी."

पारावरची माणसं पुढे सरकली.

"आधी नखवरी खरवडी, तोंडमा टाकी. काही कळनं नही. मंग दोन्ही हात भिंतले लाया, जीभ बाहेर काढी आनि चाटी. मांगे शाळाना पोरं व्हतात, बठ्ठा हासनात. मंग ती बाई शिट्टी वाजाडत उनी. लेक रडकुंडीले उनी. यासनी हात जोडात, वाकना, तीनदाव. ती बाई म्हने, आठे हात लावानी बी मनाई शे. लेकनी इंग्रजीमा समजाडं, मना बाप गवंडी शे, आमनाकडे माती चाखतस. मंग ती बाई हासनी आनि तिनी तो खड्डा दखाडा. तिले बी गंमत वाटनी."

एवढं ती जन्मात सलग बोलली नव्हती. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. तिच्या प्रत्येक वाक्याबरोबर माझा सलाम, माझा इंजिनिअर, माझी सगळी अमेरिका कोसळत होती.

आणि मग तो पारावरचा म्हातारा उठला. ज्याने पहिल्यांदा हसायला सुरुवात केली होती तोच. हसत नव्हता. "भिंत चाटी?" त्याने विचारलं. "नानानी?"

"चाटी," अक्का म्हणाली.

"मंग खरं शे," तो म्हणाला. "मंग बठ्ठं खरं शे." बठ्ठं, म्हणजे सगळंच.

आणि सगळीकडून एकदम गलका झाला. "नाना चाटाशिवाय कोठे ऱ्हातस!" "मनं छत यासनी दोनदाव चाखं व्हतं!" "मना सासरानं बी!" एक बाई म्हणाली, "मना घरनी माती तोंडमा ठेवी आनि थुकी टाकी, म्हनत ही गळी, आनि गळनंच!" माझ्या सलामावर ज्यांनी विश्वास ठेवला नाही, त्यांना माझ्या जिभेबद्दल शंका नव्हती. साता समुद्रापार जाऊन, शिक्षेची भीती असतानासुद्धा, भिंत पाहिली की जीभ लावणारच, असा माणूस गावात एकच होता. अशी लाजिरवाणी गोष्ट कुणी बनवून सांगत नाही. आणि अक्का तर नाहीच.

मग शेठांनी माझ्याकडे वळून विचारलं, "चव कशी लागनी?"

"खारट," मी म्हणालो. "आपल्यासारखीच. थोडी जास्त. समुद्राची ना."

शेठ मान हलवत राहिले. त्यांचंही जुनं घर धाब्याचं होतं, मीच केलेलं, आणि त्या घरात त्यांची आई उन्हाळ्यात कधी पंखा लावायची नाही.

सरपंच ताईंनी वही आपल्याकडे ओढली. "हॉल जुन्या गुरांच्या बाजाराच्या जागेवर करता येईल," त्या म्हणाल्या. "लांब आहे थोडा. चालेल का?" मागून कुणीतरी म्हणालं, "वरात लांब जाई, नाचाले मिळी." मग हात वर झाले. मी मोजले नाहीत. मान वर करून पाहायची हिंमत नव्हती. शेठांचा हात मात्र दिसला, कारण तो माझ्या अगदी डोळ्यांसमोर होता.

"एक अट," ताई म्हणाल्या. "बुरुजाचं पोट नानांनी बुजवायचं. पावसाळ्याच्या आत. आणि आजपासून त्याला फावडं लावायचं नाही. कुणीही."

"मंजूर," मी म्हणालो.

भाऊसाहेबांनी पेन हातात धरलं. "ठराव रद्द करतोय, तर कारण लिहावं लागेल. काय लिहू?"

ताईंनी सांगितलं आणि त्यांनी लिहिलं, आणि मी ते तीनदा वाचून घेतलं: "सदर बुरूज हा ढिगारा नसून जुन्या पद्धतीचं उत्तम संरक्षक बांधकाम आहे, याबाबत गावातील अनुभवी गवंडी यांनी देश-परदेशातील बांधकामांची प्रत्यक्ष चाचणी घेऊन खात्री दिल्याने." खाली सगळ्यांच्या सह्या आणि अंगठे. सरकारी कागदावर माझं आजवरचं हे पहिलं खरं विधान. चाचणी कशी घेतली ते लिहिलेलं नाही, हे ताईंचे उपकार.

काम सुरू केलं त्याला तीन आठवडे झाले. नवी माती आणायला गढी उरली नाही, पण गावात जुनी धाब्याची घरं मोडून स्लॅब पडतायत. त्यांच्या छतांवरची माती लोक आधी नाल्यात टाकायचे. आता गाढवावर लादून इकडे पाठवतात. सकाळी गाढवांची रांग पाराशी उभी असते आणि मी एकेका गोणीतून चिमूट घेऊन चाखतो. माझी मातीची ओळख अजून जिवंत आहे. परवा एका गोणीतली चिमूट तोंडात घेतल्याबरोबर मी म्हणालो, ही मास्तरांच्या जुन्या घराची. तीच निघाली. गाढववाल्याने नमस्कार केला. हो, केला, खरंच केला. अक्का तिथे होती, विचारा.

पेंढा, शेण, चुना घालून पायाने मळतो, गोळे करून थर रचतो, दाबतो, दोन दिवस वाळू देतो, मग पुढचा थर. माझे गुडघे सत्तरीचे आहेत, पण ते पेंढाऱ्यांच्या वेळचे असावेत अशी मला शंका आहे. शेठांनी चुन्याच्या गोण्या पाठवल्या. पोरं शाळेतून सुटली की येऊन मळतात. सरपंच ताई रोज सकाळी एकदा येतात, हाताने थर दाबून पाहतात आणि निघून जातात. काल अकरावा थर चढला. अजून चार राहिलेत, आणि आभाळ अजून कोरडं आहे.